खरारा, मालीश आणि घोड्याची पाठ : मराठी घोडदळाच्या वेगामागचे हात

संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्याविषयीची एक आख्यायिका महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मोगलांचे घोडे पाण्यावर नेले की ते पाणी पीत नसत, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिच्यात एक खरी जाण आहे. त्या युद्धाचे पारडे घोड्यांच्या मनःस्थितीवर आणि शरीरस्थितीवर झुकत असे. कथेत घोडा आहे, शत्रू आहे, पाणी आहे. घोड्याला पाण्यावर नेणारा आणि संध्याकाळी त्याची पाठ चोळणारा माणूस मात्र कथेत कुठेच नाही. हा धागा त्या माणसाच्या हातांविषयी आहे.

आरंभ भूगोलापासून करावा लागतो. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात महाराष्ट्रातील नद्यांच्या काठच्या घोड्यांची नोंद आहे. गंगथडी, भीमथडी, नीराथडी आणि माणथडी अशा चार थड्या तो सांगतो, आणि त्यांतील शेवटच्या दोन थड्यांचे घोडे लहानखुरे असले तरी दख्खनमध्ये सर्वांत उत्तम व काटक मानले जातात, असा निर्वाळा देतो. आज ‘भीमथडी’ हे एकच नाव सर्वांच्या तोंडी आहे. साताऱ्यात बसून लिहिणाऱ्या डफला मात्र नीरा आणि माण या नद्या अधिक मोलाच्या वाटल्या होत्या.

नीरा ही सातारा जिल्ह्याची उत्तर सीमा. माण नदी माण तालुक्यातील डोंगरात उगम पावते, दहिवडी-म्हसवडचा परिसर ओलांडते आणि आटपाडीच्या बाजूने, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातून, पुढे भीमेला मिळण्यास जाते. हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. गवत कमी, जमीन कडक, चराई दूरवरची. अशा भूमीवर वाढलेल्या तट्टाचे खूर टणक होतात, खाणे बेताचे राहते आणि चालण्याची सवय जन्मापासून लागते. अरबस्तानातून समुद्रमार्गे येणारा उंची घोडा दिसायला देखणा खरा, पण त्याला दाणा लागे, सावली लागे आणि किंमत तर भरमसाट लागे. माणदेशी तट्टाला यांतील फारसे काही लागत नसे. त्याला एकच गोष्ट लागे, आणि ती म्हणजे निरोगी पाठ.

घोड्याची पाठ ओझे वाहण्यासाठी घडलेली नाही. माणसाला गळ्याखाली जे हाड असते, ज्याला वैद्यक जत्रुक म्हणते, ते घोड्याला नसतेच. त्यामुळे घोड्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसतात. स्नायूंच्या झोळीने धड दोन पायांच्या मध्ये तोलून धरलेले असते. शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार याच पुढच्या पायांवर असतो. त्यावर खोगीर, स्वार, ढाल, तलवार, भाला आणि दोन दिवसांची चंदी चढली की कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारे लांब स्नायू दिवसभर ताठ राहतात. थकलेला स्वार एका अंगाला झुकला तर एका बाजूचे स्नायू अधिक आवळतात. मग घोडा पाऊल आखूड टाकू लागतो, जीन आवळताना कान मागे पाडतो, तंग ओढताच पोट फुगवतो, चावायला येतो. अननुभवी माणूस अशा घोड्याला ‘खोडकर’ म्हणतो, जाणता त्याच्या पाठीवर हात फिरवून पाहतो.

मराठी राज्याने हे दुखणे किती गांभीर्याने घेतले होते, याचा पुरावा सभासदाच्या बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीच्या मुक्कामी लिहिलेल्या या बखरीत पागेची रचना दिलेली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे तुकडीची घडण करतानाच पाणी आणि खूर यांचा विचार झालेला होता. पुढे सभासद पावसाळ्यातील छावणीची व्यवस्था सांगतो. लष्कर मायदेशी परतण्याआधी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे सिद्ध असावीत, आणि दसरा होताच कूच व्हावे. आठ महिने स्वारी आणि चार महिने विश्रांती या चक्रावर सारे घोडदळ फिरत होते. चार महिन्यांच्या या विश्रांतीकडे इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत पाहिले जाते. वास्तविक आठ महिन्यांत झिजलेल्या पाठी भरून येण्याचा काळ हाच.

राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र अनेकांनी वाचलेले असते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या आज्ञेसाठी ते प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी योग्यच आहे. परंतु त्या पत्राचा मोठा भाग पागेच्या गृहव्यवस्थेविषयी आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नयेत, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारीक गोष्टी राजाने लिहून कळविल्या आहेत. घोडा मेला तर तो अंमलदारांच्या हलगर्जीपणाने मेला असे समजले जाईल, हा त्याचा रोख.

आता प्रश्न असा की पाठ चोळणारा होता कोण? अकबराच्या दरबारातील आईन-ए-अकबरीत तबेल्याच्या नोकरांची लांबलचक यादी आहे. दोन घोड्यांमागे एक सईस, शिवाय नालबंद, पाणक्या, झाडूवाला, घोड्यांना दृष्ट लागू नये म्हणून बी जाळून धूर करणारा एक स्वतंत्र माणूससुद्धा. सभासदाच्या यादीत सईस नाही. यावरून असे अनुमान निघते की शिवकालीन हलक्या घोडदळात रोजचा खरारा बहुधा बारगीर स्वतःच करीत असावा. सरकारी घोड्याला जपणे हा त्याच्या चाकरीचाच भाग. शिलेदाराचे तर सारे दैवच घोड्यावर टांगलेले. घोडा त्याच्या मालकीचा. तो गेला की शिलेदार पायउतार झाला, मानाने आणि मिळकतीनेही. पेशवाईत कामास आलेल्या घोड्यांची भरपाई देण्याची पद्धत होती, पण पाठ लागून निकामी झालेल्या घोड्याची गोष्ट निराळी. तो मेलेला नसतो आणि उपयोगाचाही नसतो.

पेशवाईत सरंजाम वाढले, पागा मोठ्या झाल्या आणि घोड्याची निगा राखणारा वेगळा नोकर सर्रास दिसू लागला. त्याला मोतद्दार म्हणत. त्याचे दुसरे नाव ऐकून आजचा वाचक चमकेल: खासदार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘खासदार’ या शब्दाचा अर्थ घोड्याची चाकरी करणारा असा आहे. दिल्लीच्या संसदेत जाण्यापूर्वी हा शब्द बराच काळ पागेत राबत होता.

मोतद्दाराच्या कामाचे दोन भाग. पहिला खरारा. दातेरी लोखंडी साधनाने अंगावरचा घाम, धूळ व मेलेले केस उकरून काढणे म्हणजे खरारा. साधनाचे आणि क्रियेचे नाव एकच. दुसरा भाग मालीश, आणि खरे कौशल्य येथे. मोतद्दार बाह्या सारून उघड्या हातांनी घोड्याच्या अंगाला भिडतो. तळहात, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एकामागून एक घासत नेतो, आणि जोर दंडातून न देता शरीराचे वजन झोकून देतो. मान, खांद्याची पाती, पाठीचे दोन पट्टे, पुठ्ठे, मांड्या. हाडाच्या उंचवट्यावर जोर नाही. मांसल भागावर मात्र हात खोल जातो. रोजची ही मालीश कोरडीच असते, कारण केसाळ कातडीला तेल माखले की त्यावर धूळ बसते आणि खोगिराखाली तीच धूळ कानशीसारखी घासते.

हे ज्ञान केवळ इथलेच नव्हते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात घोड्याच्या कण्यावर कोणतेही हत्यार चालवू नये, तो भाग हातानेच, केसांच्या दिशेने चोळावा, असे बजावले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान सांगितले आहे आणि नोकरांत केस राखणाऱ्याची वेगळी नेमणूक आहे. पुढे शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाची एक परंपराच उभी राहिली. तिची फार्सी भाषांतरे झाली, आणि १७८८ मध्ये त्यांतल्या एका भाषांतरावरून कलकत्त्यात इंग्रजी पुस्तकही निघाले. मराठी माणसाच्या बोलण्यात शालिहोत्र ऋषींचा ‘सालोत्री’ झाला, म्हणजे घोड्यांचा वैद्य. तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महालात नकुलाच्या नावावरचे सचित्र अश्वशास्त्र जपलेले आहे. १९५२ साली ते छापून प्रसिद्धही झाले.

इंग्रजीत गेलेला एक शब्दही या हातांचाच. चांपणे, चेपणे या क्रियेवरून ‘शॅम्पू’ शब्द तयार झाला आणि अठराव्या शतकातील इंग्रजीत त्याचा अर्थ अंग रगडणे एवढाच होता. पाटण्याकडून गेलेल्या शेख दीन मुहंमदाने ब्रायटन येथे या रगडण्याची स्नानगृहे चालवून नाव कमावले. केस धुण्याचा अर्थ नंतरचा.

शास्त्रग्रंथांविषयी आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट म्हणावी लागेल. पोथ्यांमध्ये घोड्याच्या रंगाची, भोवऱ्यांची आणि शुभाशुभ लक्षणांची चर्चा पानेच्या पाने भरून येते. ताठलेल्या पाठीवर हात कसा ठेवावा, हे त्यामानाने फार थोडे. पोथी लिहिणारा आणि मालीश करणारा एक नव्हता. हाताचे ज्ञान हाताकडून हाताकडे गेले, आणि जिथे हात थांबला तिथे ते थांबले.

मालिशीइतकेच महत्त्व खोगिराला. लोकर, चिंध्या किंवा गवत भरून शिवलेली ही गादी घोड्याच्या पाठीला आणि स्वाराच्या मांडीला जोडणारी एकमेव वस्तू. भरलेला माल आत गोळा झाला की तेवढ्याच जागी पाठ दाबली जाते. मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी माणसांची वा वस्तूंची भर, परंतु ज्याचा घोडा त्या भरतीच्या एका गाठीने बसला असेल त्याला हा वाक्प्रचार विनोदी वाटला नसता. लांब मजलेनंतर खोगीर एकदम उतरवू नये, आधी तंग सैल करावा, थोड्या वेळाने खोगीर काढावे आणि लगेच उघड्या हाताने पाठ चोळावी, हा जगभरच्या घोडदळांतील अनुभवाचा नियम. कारण असे की खोगिराखालच्या जागी रक्त तासन्‌तास दबलेले असते. दाब एकदम सुटला की ते जोराने भरते आणि पाठीवर फोड व सूज उमटते. सूज लगेच दिसत नाही, काही वेळाने दिसते. म्हणून चोळणारा हात उपचार करीत असतो आणि तपासणीही करीत असतो. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा डाग, बोटाखाली किंचित अधिक गरम लागणारी जागा, दाबताच थरथरणारी कातडी, या गोष्टी डोळ्यांच्या आधी हाताला कळतात. ज्या जागी पूर्वी जखम झाली तिथे पुढे पांढरे केस उगवतात. बाजारात घोडा घेणारा माणूस दातांनंतर पाठ पाहतो ती त्यासाठी.

या निगेचे मोल रणांगणावर कसे कळे, याचे उदाहरण सांगली जिल्ह्याच्या इतिहासात आहे. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांनी १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत धारवाडला वेढा घातला आणि पुढच्या वर्षी ते घेतले. त्यांच्यासोबत कंपनीची एक तुकडी होती. तीत असलेल्या एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्या मोहिमेची हकिगत लिहिली आहे. इकडे गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला, पण त्याचे बैल मेले, घोडे खंगले, तोफा ओढण्यासाठी स्वारांचे घोडे जुंपावे लागले आणि शेवटी वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच्या हाताने नष्ट करून त्याला माघार घ्यावी लागली. त्या माघारीच्या वाटेवर परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या. त्यांच्यासोबत धान्याने भरलेला बाजार होता आणि शेकडो मैल चालून आलेले, तरीही चालू शकणारे घोडे होते.

उलट उदाहरण पानिपताचे. १७६०-६१ च्या त्या हिवाळ्यात रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडे मैदानात उतरले ते आधीच अर्धमेले होते. भुकेलेल्या घोड्याला मालीश तारू शकत नाही. हात दाण्याची जागा घेत नाही, आणि या विषयावर लिहिताना ही मर्यादा नजरेआड करणे म्हणजे इतिहासाला चंपी करणे होईल.

१८१८ नंतर हे जग वेगाने आटले. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवर बसविले खरे, पण स्वारीचे दिवस संपले होते. १८४८ मध्ये ते राज्यही खालसा झाले. सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी कंपनीच्या चाकरीत स्वार पाठविण्याऐवजी तितक्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे पत्करले. हा बाणा कौतुकाचा. पण ज्या पागांना आता कुठे जायचेच नव्हते, त्या पागांतील मोतद्दारांचे काय झाले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. काही इंग्रज अधिकाऱ्यांच्या तबेल्यात गेले असतील, काही टांग्याच्या घोड्याकडे वळले असतील, बहुतेक शेतीकडे.

गंमत अशी की त्यांच्या कौशल्याचे लेखी वर्णन पुढे राज्यकर्त्यांच्याच पुस्तकांत आले. कॅप्टन होरेस हेज याने १८७० च्या दशकात हिंदुस्थानातील घोड्यांच्या निगेवर पुस्तक लिहिले. देशी सईस घोड्याला हाताने जे घासतो, त्या ‘मालिश’ची दखल त्यात आहे. त्या काळच्या साहेबांच्या लेखनात देशी नोकर एरवी आळशी आणि लबाड म्हणूनच येतो; त्याच्या हातांबद्दल मात्र बरे लिहिणे त्यांना भाग पडले. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि सालोत्र्याच्या जागी पदवीधर डॉक्टर आला. रोगांच्या बाबतीत ही प्रगती निर्विवाद होती. सालोत्र्याचे डाग देणे आणि रक्त काढणे यांतून घोडे सुटले, हे बरेच झाले. त्याच्यासोबत मोतद्दाराचा हातही अडगळीत गेला, एवढेच वाईट.

आज युरोप-अमेरिकेत घोड्यांच्या मालिशीचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत आणि शर्यतीच्या व उड्यांच्या घोड्यांसाठी खास मालीशवाले बोलावले जातात. आधुनिक संशोधनाचा सूर संयत आहे. मालिशीने घोडा शांत होतो, काही काळ स्नायू सैल पडतात, हालचाल थोडी मोकळी होते. लंगडेपणाचे मूळ सांध्यात किंवा खुरात असेल तर तिचा उपयोग नाही, आणि वाईट खोगीर तसेच ठेवून केलेली मालीश म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. माणदेशातल्या मोतद्दाराने यापेक्षा फार वेगळे काही सांगितले नसते.

भीमथडी घोड्याला अलीकडे देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली आहे. त्याला मुख्यतः जपले ते धनगर मेंढपाळांनी, ओझ्याचे जनावर म्हणून. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर वाड्याचा संसार पाठीवर घेऊन मेंढ्यांमागे चालणारी ती लहान तट्टे म्हणजे जुन्या घोडदळाचे अखेरचे आप्त.

घोड्याची एक मजल मात्र या दोन जिल्ह्यांतून अजून दरवर्षी पार पडते. साताऱ्याजवळच्या आरफळ गावचे हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे लष्करी शिस्तीचे रूप दिले, आणि त्यासाठी घोडे दिले ते अंकलीच्या शितोळे सरदारांनी. अंकली आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. तेथून माउलींचे अश्व दरवर्षी ज्येष्ठात निघतात आणि मिरज, सांगलीमार्गे सातारा जिल्हा ओलांडून सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत आळंदीस पोहोचतात. मग पालखीसोबत पुन्हा याच मुलखात येतात, आणि फलटण तालुक्यात चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. रिंगण संपले की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, आणि घोड्यासोबत चाललेला माणूस लगाम धरून त्याला गर्दीतून बाजूला नेतो.